पाठमोरा दिग्दर्शक

तालमीच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या, एक टेबल आणि आम्ही पाचजण होतो. दिग्दर्शक नेहमीप्रमाणे शेवटच्या खुर्चीत, कलाकारांकडे पाठ करून बसले होते. नाटक डोळ्यांनी नाही, कानांनी बसवायचं, या हट्टावर त्यांनी आयुष्यभर नाव कमावलं होतं.

"ऐकू येत नाही!" ते ओरडले. "घशात बोळा कोंबलाय का? उद्यापासून हे काम दुसरी करेल."

त्यांची धाकटी बहीण भडकली. "दादा, माझ्या आवाजाला नावं ठेवू नकोस. आधी स्वतःचे कान तपासून घे."

"माझे कान? बोल परत तेच वाक्य. ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करा. एकही हात दिसला नाही, तर तू चालती हो."

ध्वनियोजना माझ्याकडे होती. मी आवाजाचा मीटर घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. समोरासमोरच्या साध्या गप्पांना तो साठ डेसिबल दाखवतो.

बहीण वाक्य बोलली. आम्ही उरलेल्या तिघांनी हात वर केले.

"अगं, बोल की आता!" दिग्दर्शक भिंतीकडे बघत खेकसले. "किती वेळ वाट बघायची?"

मीटरवर चौसष्ट आकडा आला होता.