ळच्या पोटातली चीर

‘मानवजातीच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात : छपाईच्या आधीचा आणि छपाईनंतरचा.’ हे वाक्य माझं नाही. ते ग्रंथालयाच्या दारातल्या फलकावर होतं, आणि फलक नीट उभा राहत नाही म्हणून त्याला मागून केरसुणीचा टेकू दिला होता. मी दार जरा जोरात लोटलं, तर मानवजातीचा इतिहास केरसुणीसकट आडवा झाला. मी इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही उचलून जागेवर ठेवलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आत गेलो. हा चेहरा मला एकेचाळीस वर्षांच्या नोकरीनं दिला. मी छापखान्यात खिळे जुळवायचो.

हे काम आता कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. शिशाचा एकेका अक्षराचा खिळा खणातून उचलायचा, उलटा वाचत ओळीत लावायचा, ओळींचं पान बांधायचं, आणि छापून झालं की सगळे खिळे सोडवून पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. संसारही असाच असतो, असं आमची ही म्हणते. पण तिला छपाईतलं काही कळत नाही.

त्या दिवशी अकरा वाजता जुन्या छापील पुस्तकांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. माझी पुतणी तिथे दुर्मीळ पुस्तकांच्या विभागात होती. तीन वर्षं हंगामी. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्याच दिवशी चार वाजता समितीच्या बैठकीत ठरणार होतं. लोकांना खिळे कसे जुळवतात ते दाखवायला एक खराखुरा म्हातारा हवा होता, म्हणून मला बोलावलं होतं. टेबलावर खिळ्यांच्या खणांची एक केस, ओळ लावायच्या दोन पट्ट्या आणि मी, अशी मांडणी होती.

पंधरा दिवसांपूर्वी ती घरी आली होती, ती तणतणतच.

“काका, आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या पुस्तकातली तेहतीस ते चाळीस ही पानं मूळची नाहीत. पान उजेडात धरलं की कागदात बारीक रेघा दिसतात. बाकी सगळ्या पुस्तकात त्या उभ्या आहेत, या आठ पानांत आडव्या. मी नोंदवहीत तसं लिहिलं, तर सर भडकले. म्हणाले, पोरवय आहे तुझं.”

हे सर म्हणजे ग्रंथालयाचे सल्लागार, छपाईच्या इतिहासातले मोठे विद्वान. त्यांनी नेमक्या त्याच आठ पानांवर मोठा निबंध लिहिला होता आणि समितीतही त्यांचंच वजन होतं.

“अगं, मोठ्या माणसांशी वाद घालू नये,” मी म्हणालो होतो. “नोंद खोड, नोकरी पक्की कर, मग आयुष्यभर खरं बोलत बस.”

तिनं ऐकलं. माझं ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तर आता दहा वाजले होते. मला काही काम नव्हतं, म्हणून त्या पुस्तकाच्या काचेच्या पेटीशी गेलो. सदतिसावं पान उघडून ठेवलेलं. शेजारी सरांची चिठ्ठी : ‘अक्षरांचा आदिम जोम पाहा. नवव्या ओळीतील ळच्या पोटातली चीर ही अनाम कारागिराची गुप्त सही होय. आठ पानांवर तो प्रत्येकी एकदाच सही करतो. काय हा संयम!’

मी चष्मा पुसला. वाकलो.

तो ळ माझा होता.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी तो माझ्या हातून फरशीवर पडला आणि मालकांच्या टाचेखाली आला. ‘वाचता येतोय ना? मग झालं,’ म्हणून त्यांनी तो परत खणात टाकला. पुढे एक वकील एक जुनं पुस्तक घेऊन आले. मधली आठ पानं गहाळ होती. दुसऱ्या प्रतीवरून ती छापून पुस्तक पुरं करून हवं होतं, आणि ओळखू येता कामा नये ही अट. मालकांनी मला वितळवायच्या डब्यातले झिजलेले खिळे काढायला लावले. कोरा कागद जुन्या वह्यांतून फाडला, चहाच्या पाण्यात बुडवला, दोरीवर वाळवला. डब्यात ळ एकही निघाला नाही, म्हणून तो ठेचलेला आणला. एकुलता एक, म्हणून पानागणिक एकदाच वापरता आला. जिथे आणखी ळ हवा होता तिथे मी वाक्यच बदललं. संयम कसला, खण रिकामा होता.

वकील वारले असतील, पुस्तकं ग्रंथालयात आली असतील. आणि मी पोरीला सांगितलं होतं, नोंद खोड म्हणून.

मी टेबलाशी येऊन बसलो. उठलो. पाणी प्यायलो. पुन्हा पेटीशी गेलो. ळ तिथेच होता. गप्प बसलो तर पोरीची नोकरी पक्की, पण खोट्यावर. बोललो तर सर तिलाही घेऊन बुडणार. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट आतून टोचत होती : एकेचाळीस वर्षांत माझं काम कुणी काचेखाली ठेवलं नव्हतं. म्हणून मी चौथ्यांदा पेटीशी गेलो, ते पान पाहायलाच. बरं जमलं होतं.

“काका, एका जागी बसा ना हो,” पुतणी टेबलावरची चादर ताणत म्हणाली. “तुम्हाला बघून मला घाम फुटतोय.”

“तुझी ती नोंद... तू कशी खोडलीस? पान फाडून?”

“नोंदवहीचं पान फाडतात का कुठे? शाईची एक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी. बाजूला तारीख आणि सही. नियमच आहे. का?”

“काही नाही. सहज.”

“सहज म्हणताना तुमचे कान लाल होतात.”

एवढ्यात अध्यक्ष आले. समितीचे तेच प्रमुख. उंच, गंभीर, हातात फुलं. सर त्यांना थेट पेटीशी घेऊन गेले आणि चिरेवर बोलू लागले. ही चीर कारागिराच्या बंडाची खूण आहे, इथपर्यंत ते आले. पुतणी मागे उभी होती, खाली मान घालून. माझा पाय हलला, मग दुसरा. तोंडाला मी काही विचारलं नव्हतं, तरी ते उघडलं.

“ती चीर टाचेची आहे.”

“कुणाच्या?” अध्यक्षांनी विचारलं.

“आमच्या मालकांच्या. ही आठ पानं मी जुळवलीत. पायानं चालवायच्या ट्रेडलवर, एकेक करून.”

सर हसले. “आजोबा, पुरावा?”

“पान उलटा. मागच्या बाजूला शिवणीपाशी तपकिरी अर्धं वर्तुळ दिसेल. मालकांनी ओल्या कागदावर कप ठेवला होता. उरलेलं अर्धं शिवणीत गेलंय.”

पुतणीनं पेटी उघडली, हात पुसून पान उलटलं. अर्धं वर्तुळ होतं.

“माझ्या निबंधात हा राजमुद्रेचा ठसा आहे,” सर हळूच म्हणाले.

“बशी असती तर ही मुद्रा उठलीच नसती, सर.”

कुणी हसलं नाही. अध्यक्ष पुतणीकडे वळले. “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“काकांचं नव्हतं. पानं नंतरची आहेत, एवढं लक्षात आलं होतं. कागदावरून.” तिनं नोंदवही आणून उघडली.

अध्यक्षांनी रेघेखालचं सगळं वाचलं. “बरोबर तर लिहिलंय. मग खोडलंत का?”

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

“मी खोडायला लावलं,” मी म्हणालो. “आधी इकडे सर तिला रागावले, मग घरी मी तिला घाबरवलं. काढायचं असेल तर मला काढा. पण मला कुठूनच काढता येत नाही, मी निवृत्त आहे.”

अध्यक्षांनी वही मिटली आणि तिच्या हातात दिली. “चारच्या बैठकीत ही माझ्यासमोर ठेवा. असं बघणारं माणूस तीन वर्षं हंगामी का ठेवलं, ते मला तिथे विचारायचंय. आणि सर, त्याचं उत्तर तुम्ही द्याल. ती चिठ्ठीही बदला.”

सरांनी चिठ्ठी उचलून खिशात घातली. पुतणीनं वही छातीशी धरली. मग माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं राहिलं. “घरी चला, मग बघते तुमच्याकडे,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि माझं काय झालं होतं ते सांगण्यासारखं नाही.

तेवढ्यात अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला, कपाटांच्या आड नेलं. त्यांचा चेहरा फार गंभीर होता. पोलीस, मी मनात म्हटलं. नाहीतर सत्कार. त्यांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि अगदी कानाशी येऊन विचारलं,

“माझी शंभर व्हिजिटिंग कार्डं छापून द्याल का? जरा जुन्या घराण्यातली वाटतील अशी.”