तिसरा काप

इस्पितळाच्या तपासणी खोलीत ईरप्पाच्या हाताला तोड नव्हती. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवायचा, यंत्राच्या पात्यानं त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंग देऊन काचेवर चढवायचे, हे काम तो दहा वर्षं करत होता. तुकडा कुणाचा, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारलं की काप जाड पडतो, असं तो म्हणे.

या वेळी विचारायची गरजच नव्हती. तुकडा रत्नम्माअक्काच्या गालाचा होता. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवलं, आणि चाळीस वर्षं हिच्या त्याच गालात चुना-तंबाखू नांदली.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अक्कानं त्याला त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घ्यायला लावलं. "एकदाच कापू दे. परत कापू द्यायचं न्हाय. घे आण." आणि या शहाण्यानं घेतली! लोकांचे तुकडे कापता कापता आपण रोगाचेही मुखत्यार झालो, असं त्याला वाटलं असावं.

सर्जननं गाठीभोवतीचं बोटभर चांगलं मांसही काढलं होतं. त्याच्या कडेला ईरप्पानं काळी शाई लावली. रोग शाईपर्यंत पोचला नसेल तर अक्का सुटली. पोचला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया, आणि या खेपेला अर्धा जबडा जाणार.

चौथ्या दिवशी काचा तयार झाल्या. पहिला काप पाहिला, कड स्वच्छ. दुसराही स्वच्छ. त्याला आनंद झाला नाही, काहीच झालं नाही. नियम तीन कापांचा होता, प्रत्येक थोडा अधिक खोल. त्यानं तिसरी काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

कर्करोगाच्या या पेशी झुंडीनं येत नाहीत. एखादीच गाठीतून सुटते, अंग बारीक करते, समोरचं मांस पोखरत पुढं जाते, आणि मागच्या तिच्याच वाटेनं निघतात. स्नायूच्या दोन धाग्यांमधून अशी सहा-सात जणींची रांग चालली होती. पहिली काळ्या शाईला टेकली होती.

डॉक्टर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. ही काच फुटली म्हणून सांगितलं असतं, वरच्याच थराचा दुसरा काप दिला असता, तर कुणी हूं की चूं केलं नसतं. ईरप्पा अर्धा तास नुसता बसून राहिला. आण आठवली, अक्का आठवली, पण रडू काही येईना. आपण काहीही केलं तरी ती रांग थांबणार नाही, एवढंच त्याला कळत होतं. मग त्यानं तिन्ही काचा डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. "घरच्यांना कोण सांगेल?"

"मी सांगतो," ईरप्पा म्हणाला.

अक्का खाटेवर उशीला टेकून बसली होती. अर्ध्या तोंडाला पट्टी, त्यामुळं शब्द फुटके येत होते.

"सुटले का रं मी?"

"न्हाय अक्का. अजून थोडं राहिलंय. परत कापावं लागंल."

"कुणी बघितलं?"

"पयल्यांदा मीच."

तिनं गालावरची पट्टी चाचपली.

"मंजे डॉक्टरच्या आदी तुज्याच हातात हुतं न्हवं?"

हातात नुसती काच होती, रोग नव्हता, हे त्याला सांगता आलं असतं.

"व्हय," तो म्हणाला.