गिरणीची राळ

"पीळ जरा मूठ," मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले व्यंकटराव म्हणाले.

सगुणाबाईंनी स्टँडवर लावलेल्या स्कूटरची मूठ पिळली. चाक जागच्या जागी फिरू लागलं. डाव्या बाजूचं झाकण काढलेलं होतं आणि आत रबरी पट्टा दोन पुल्यांवरून कुरकुरत धावत होता. व्यंकटरावांनी राळेचा पिवळा खडा पळत्या पट्ट्याच्या कडेला टेकवला. कुरकुर थांबली.

"बगितलंस? गप झाला का न्हाई?"

"जळकट वास यायलाय."

"राळेचा हाय त्यो. गिरणीत रोज यायचा."

सगुणाबाईंनी मूठ सोडली. त्या सोनपेठच्या बाजूला एका गावात सरकारी नर्स होत्या आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची बाळंतपणं त्यांच्याकडे होती. ही बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी स्कूटर त्यांनी जुनीच विकत घेतली होती, तरी लोक ती बघायला आले होते. पंचक्रोशी त्यांना ताई म्हणायची, त्यामुळे व्यंकटराव सगळ्यांचेच दाजी झाले होते. सासरवाडी एवढी मोठी असून मानपान मात्र चहापुरताच होता.

स्कूटर यायच्या आधी व्यंकटराव किशनरावांच्या डिझेलवरच्या पिठाच्या गिरणीत होते. गिरणीचा लांब चामडी पट्टा घसरायला लागला की चालत्या पट्ट्यावर राळ धरायची. पट्टा पुलीला धरून बसतो आणि दळण पुन्हा बारीक पडतं. हे काम ते असं करत की बायका पाटी खाली ठेवून बघत राहत. पुढे गावात विजेच्या चक्क्या आल्या, किशनरावांनी इंजिन भंगारात घातलं आणि व्यंकटराव घरी बसले. घरी बसलेल्या माणसाला कोणी काही बोलत नाही, आणि तेच त्याला लागतं. स्कूटर आली आणि त्यांना पुन्हा काम मिळालं. रोज पुसणं, तेल बघणं, हवा भरणं. मेकॅनिक भुजंगाला त्यांनी गाडीला हात लावू दिला नव्हता. सगुणाबाईंना यामागचं सगळं कळत होतं, म्हणूनच व्यंकटरावांनी सांगितलं की त्या मूठ पिळायला उभ्या राहत.

पट्टा झिजला होता, यात शंका नव्हती. रुंदी कमी झाली होती, आतल्या दात्यांच्या बुडाशी चिरा पडल्या होत्या. गाडी उचलताना इंजिन नुसतं ओरडायचं आणि चाक मागून सावकाश यायचं. परभणीहून नवा पट्टा आणा, असं सगुणाबाईंनी बजावलं होतं. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून झालेल्या बंदामुळे एसटी थांबल्या होत्या. एसटी सुरू झाल्या तोवर राळेनं गुण दाखवला होता.

"आता कशाला नवा?" व्यंकटराव म्हणाले. "पट्टा म्हातारा होत न्हाई. सुकतो. त्याला खाऊ घालावं लागतं."

नवऱ्याचा इतका खुललेला चेहरा सगुणाबाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

त्या आठवड्यात दूधवाल्याबरोबर निरोप आला. गोदावरीच्या अंगाला मुंजाजीची वस्ती होती. त्याच्या बायकोला पहाटेपासून कळा सुरू होत्या आणि सुईण दगडाबाईला काही सुधरत नव्हतं. सगुणाबाई पिशवी घेऊन निघाल्या. गाडी झोकात निघाली, व्यंकटराव दारात उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

अर्ध्या वाटेवर गाडीला दोन-तीन हिसके बसले, आत काहीतरी फटकन वाजलं आणि इंजिन मोकळंच ओरडू लागलं. सगुणाबाईंनी गाडी एका बाभळीला टेकवली आणि कपाशीच्या शेतांमधून चालायला लागल्या. पुढेमागे एकही बैलगाडी नव्हती.

संध्याकाळी त्या ओळखीच्या ट्रॅक्टरवरून घरी आल्या. हातपाय धुतले, चुलीपाशी बसल्या.

"काय झालं?" व्यंकटरावांनी विचारलं.

"लेकरू गेलं. नाळ गळ्याला गुंडाळलेली व्हती. बाई बरी हाय."

"आन् गाडी?"

"पट्टा तुटला."

ती वेळेत पोचली असती तर लेकरू वाचलं असतं का, हे व्यंकटरावांना विचारायचं होतं. त्याऐवजी त्यांनी चुलीत एक लाकूड सारलं. भाकरी त्यांनी अर्धीच ठेवली, सगुणाबाईंनीही आग्रह केला नाही.

सकाळी दारात बैलगाडी उभी राहिली. मुंजाजी स्वतः आला होता. गाडीत कडब्यावर स्कूटर आडवी बांधलेली होती.

"वाटंतच पडली व्हती, दाजी. म्हणलं कोणी काही काढून नेईल. ताईनं लय धावपळ केली आमच्यासाठी."

सगुणाबाई लस टोचायला शाळेत गेल्या होत्या. व्यंकटराव त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाहीत. बैलगाडी तशीच भुजंगाच्या दुकानावर नेली. दोघांनी धरून स्कूटर उतरवली, मुंजाजीनं बैल सोडले आणि भुजंगानं चहा सांगितला. वस्तीवर काय घडलं हे भुजंगाला ठाऊक नव्हतं. झाकण काढल्यावर तो हसलाच. पट्ट्याच्या चिंध्या आत अडकल्या होत्या आणि पुल्यांवर काळा चिकटा माखला होता.

"काय लावलंय हे, दाजी? गाडी तुमच्याकडं यायच्या आधीचं हाय का?"

ही पळवाट त्यानं सहज देऊ केली होती. मुंजाजी बशीत चहा ओतत होता. व्यंकटरावांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"राळ हाय," ते म्हणाले. "म्या लावली. ह्याच हप्त्यात."

"अवो, ही गिरणी हाय का?" भुजंग समजावू लागला. "गिरणीची पुली हाय तशीच ऱ्हाती. हिच्या पुलीच्या दोन थाळ्या जवळ येत्यात, लांब जात्यात, आन् पट्टा त्यांच्यामधी वरखाली सरकतो. त्याला सरकू दिलं पायजे. तुमी त्याला चिकटवून टाकला. तापला आन् फाटला."

मुंजाजीनं बशी खाली ठेवली. "राळ लावली नसती तर?"

"तर काय? कुरकुरत का व्हईना, चालली असती."

"वस्तीपतूर?"

"आरामात. जिजला व्हता, पर आजून काही दिस वढला असता."

मुंजाजीनं मान हलवली. मग तो उठला आणि बैल आणायला गेला. व्यंकटराव घाईनं त्याच्या मागे गेले आणि बैल जुंपायला सोपं जावं म्हणून गाडीचं जू दोन्ही हातांनी उचलून धरलं.

"ऱ्हाऊ द्या, दाजी," मुंजाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी करतो."

व्यंकटरावांनी जू खाली ठेवलं. मुंजाजीनं ते एका हातानं पेललं, दुसऱ्या हातानं बैल ओढून जुंपले आणि मागे न बघता गाडी हाकली.

भुजंगानं पेट्रोलचं फडकं घेऊन पुल्या घासून काढल्या. कुणा गिऱ्हाईकासाठी आणून ठेवलेला नवा पट्टा त्याच्याकडे होता. तो त्यानं व्यंकटरावांच्या पुढे केला. त्यांचा स्वभाव त्याला माहीत होता.

"घ्या. तुमच्याच हातानं बसवा. मी दाखवतो कसा ते."

"नको," व्यंकटराव म्हणाले. "तूच बसव."

ते दुकानाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. जुन्या पट्ट्याची एक चिंधी त्यांनी उचलली होती, तिची राळ आणि काजळी बोटांना लागली होती. भुजंगानं फडकं दिलं, ते त्यांनी घेतलं आणि तसंच मांडीवर धरून ठेवलं.