डोळे तर पांढरे होते

सासूच्या औषधाला हात लावू नको, असं शेजारच्या शकुबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. त्यांचा हिशेब सरळ होता. म्हातारी बरी झाली तर देवानं केली, काही कमीजास्त झालं तर सुनेनं केलं. मी हसून सोडून दिलं. बी.एस्सी. झालेल्या बाईनं घरातल्या औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय तेही वाचू नये की काय?

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई मनकर्णाबाईंच्या हृदयाचे ठोके बेताल पडायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी रोज सकाळी एक बारीकशी गोळी लावून दिली होती. गोळीआधी मनगटाची नाडी मिनिटभर मोजायची, साठाच्या खाली असली तर गोळी द्यायची नाही आणि डॉक्टरला गाठायचं, हे त्यांनी मला समोर बसवून शिकवलं होतं. आमचे हे रेल्वेत, ड्युटी आमल्याला. सौंसरच्या घरात मामाजी, म्हणजे सासरे, आत्याबाई, मी आणि कडेवरची इंदू. नाडी मोजायचं काम माझ्याकडे होतं.

श्रावणात राखीला मी तिगावला माहेरी गेले. तिथं इंदूला ताप आला आणि मुक्काम लांबला. परतले तर आत्याबाई खाटेवर पडलेल्या, आणि गळ्यात कावीळ उतरवायची माळ.

ही माळ गावातले वैदू नत्थूजी देतात. काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेले असतात. माळ रोज थोडी लांबते, ती लांबली की कावीळ उतरली. आधी चुन्याच्या पाण्यानं हात धुवून घेतात, ते पाणी पिवळं होतं. आत्याबाईंना ओकाऱ्या होत होत्या, अन्नाचा वास नको झाला होता, आणि मुख्य म्हणजे सगळं पिवळं दिसत होतं. पिवळं दिसलं की कावीळ. आमच्याकडे ही गोष्ट कुणी कुणाला विचारत नाही.

"भित पिवळी, दूध पिवळं, तुह्या मामाजीचं धोतर पिवळं," आत्याबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "आता धोतराचं काही सांगता येत नाही, ते पहिलेपासूनच तसं असन."

मला हसू आलं, पण मी त्यांना दारातल्या उजेडात बसवलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पांढरे. तळवे, नखं, कुठं पिवळेपणा नाही. लघवीचा रंग विचारला, तोही नेहमीचाच. कावीळ झालेल्या माणसाचे डोळे पिवळे होतात. इथं डोळे पांढरे होते आणि जग पिवळं झालं होतं.

मग मनगट धरलं. ठोका यायचा, थांबायचा, मी वाट पाहत राहायची, मग पुढचा यायचा. मिनिटभरात पन्नासही भरले नाहीत.

मी गोळ्यांचं विचारलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. श्रावणातले सोमवार, शनिवार त्या कडक धरतात. गोळीत काय असतं कोण जाणे, म्हणून उपासाच्या दिवशी ती घेतली नाही. आणि देवाचं राहू नये तसं डॉक्टरचंही राहू नये, म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या. मी असते तेव्हा गोळी त्यांच्या हातावर ठेवून कामाला लागते, म्हणून हे कधी कळलं नव्हतं. पुढं अंगात त्राण राहिलं नाही, तशी मामाजींनी शक्ती यावी म्हणून दुपारच्या चहालाही एक सुरू केली. प्रेमानं. ओकारीतून पडली असेल म्हणून कधी परत एक.

तेवढ्यात मामाजी दुपारच्या चहासोबत पेल्यात पाणी आणि तळहातावर गोळी घेऊन आले. मी गोळी उचलून बाटलीत टाकली आणि बाटली पदरात बांधली.

"हे काय करून राहिली तू?" ते म्हणाले. "मोठ्या डॉक्टरची गोळी हाय. चुकवू नको म्हनलं त्यानं."

"त्यांनीच म्हटलं मामाजी, नाडी कमी असली तर देऊ नको. आता गोळी नाही. आता दवाखाना."

"अन् माळ तोडाची? नत्थूजी म्हनत होते, आतमंदी हाय कावीळ, बाहेर याले वेळ लागते. वाटेत तिले काही झालं तर?"

"माळ असू द्या गळ्यात. काही झालं तर माझ्यावर घ्या. साऱ्या सौंसरला सांगा का सुनेनं मारली. पण आज मी घेऊन चालली."

शकुबाई कुंपणापलीकडून सगळं ऐकत होत्या, त्यांना मी फक्त घराकडं लक्ष ठेवा म्हटलं. इंदू कडेवर, बाटली पदरात, आणि पांढुर्ण्याची बस. बसमध्ये आत्याबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, माझी बोटं त्यांच्या मनगटावर. कंडक्टर सरकून बसा म्हणाला तेव्हा मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं निघून गेला. मागच्या सीटवर मामाजी बसले होते. केव्हा चढले ते मला कळलंच नाही.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, बाटली पाहिली आणि नाडी मोजली. मग म्हणाले, कावीळ नाही, गोळीच अंगात जास्त झालीय. पिवळं दिसणं, ओकारी, नाडी मंद होणं, सगळं तिचंच. आणखी एखादी पोटात गेली असती तर आपण इथं बोलत बसलो नसतो.

आत्याबाईंना भरती करून घेतलं, रक्त तपासायला नागपूरला पाठवलं, गोळी बंद ठेवली. पुढं भिंत पांढरी दिसू लागली. गोळी पुन्हा सुरू झाली, पण डॉक्टरांनी ठरवून दिली तेवढीच, आधीपेक्षा कमी. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडून घ्यायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही, हे त्यांनी या वेळी मामाजींनाही समोर बसवून सांगितलं.

घरी आल्यावर पहिल्याच उपासाच्या सोमवारी आत्याबाईंनी गोळीला नाही म्हटलं. मी तिथंच बसून राहिले. उपास तुमचा, गोळी माझी, ती घेतल्याशिवाय मी उठत नाही, असं सांगितलं.

"महादेवापुढं कोन उत्तर देईन?" त्यांनी विचारलं.

"मी देईन."

त्यांनी गोळी गिळली आणि मला चिकट म्हणून शिवी दिली. मला ती आवडली.

ही गोष्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, कुणाच्या आळीत हृदयाच्या ठोक्यांची गोळी घेणारं माणूस असेलच. आज त्यांच्याकडं जा. गोळी रोज घेता का, असं विचारू नका, हो म्हणतील. उपासाला काय करता, राहून गेली तर काय करता, थकवा वाटला तर कोण वाढवून देतं, ते विचारा. मग मनगट हातात घ्या आणि एक मिनिट ठोके मोजा.