मंगळवारची अक्का

पद्मनाभ देवस्थळीची नोकरी गेली हे बेंगळूरच्या बनशंकरीतल्या त्यांच्या इमारतीत कोणालाही कळलेलं नव्हतं आणि कळूही द्यायचं नाही असा त्याचा पण होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तो बायकोला, सुचेताला, रोज एकदा तरी ऐकवायचा. सुचेता म्हणायची, "अरे, मूठ उघडलीस तर कोणी तिच्यात काही ठेवेल तरी. चार लोकांना सांग, कोणाच्या तरी ओळखीनं काम मिळेल." पण ऐकेल तो पद्मनाभ कसला! रोज सकाळी नऊच्या आत गुळगुळीत दाढी, वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरचा लेंगा आणि कानाला हेडफोन. जिन्यात कोणाची चाहूल लागली की तो बाल्कनीत जाऊन "येस येस, लेट्स टेक इट ऑफलाइन" असं मोठ्यांदा म्हणायचा. पलीकडे कोणी नसल्यामुळे त्याच्याशी वादही कोणी घालत नसे. नोकरीत असताना हे सुख त्याला कधी लाभलं नव्हतं.

सुचेताच्या पगारात भाडं आणि हप्ते निघत होते, बाकीच्याला मात्र कात्री लागली. स्वयंपाकाच्या बाई बंद झाल्या, फोनवरून मागवणं बंद झालं आणि स्वयंपाकघर पद्मनाभच्या गळ्यात पडलं. दर रविवारी संध्याकाळी सुचेता त्याच्या हातावर आठवड्याच्या बाजाराचे दीड हजार रुपये ठेवायची. त्यात दोघांचं दोन वेळचं भागवायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत वर एक छदाम मागायचा नाही, हे त्यानंच छातीठोकपणे सांगितलं होतं. सोळा वर्षं त्यानं परदेशी गिऱ्हाइकांची कोटींची बजेटं सांभाळली होती, त्यापुढे भाजी-आमटीची काय मातब्बरी?

पहिल्या आठवड्यात पैसे बुधवारीच संपले. सामानात ब्रोकोली होती, चीज होतं आणि 'असू दे, कधीतरी लागेल' म्हणून आणलेली ऑलिव्हची बाटली होती. उरलेले दिवस घरात मुगाची खिचडी शिजली. शनिवारी रात्री सुचेता ताटाकडे बघून नुसती हसली. ते हसू त्याच्या जिव्हारी लागलं. नोकरी गेली ती दुसऱ्याच्या मर्जीनं. पण इथे साहेब तोच आणि शिपाईही तोच. इथेही आपण नापास झालो तर आपली पत ती काय उरली, या विचारानं त्याला त्या रात्री धड झोप लागली नाही.

मग मात्र गडी सुधारला. सकाळचे भाजीवाले आवरायच्या बेतात असताना बाजारात जायला शिकला. दुधीची भाजी झाली की सालांची चटणी व्हायची, मुळ्याबरोबर त्याचा पाला शिजायचा, कालच्या पोळ्यांचा आज कुस्करा आणि आंबटलेल्या ताकाची कढी. कोथिंबिरीचे देठ तर तो सोन्याच्या तारा असाव्यात तसे जपून ठेवायचा. कचऱ्याच्या डब्यात चहाच्या चोथ्याखेरीज काही पडेनासं झालं.

अशातच एके दिवशी समोरच्या शिवलीलाअक्का स्टीलचं पातेलं घेऊन दारात आल्या. अक्का आणि त्यांचे यजमान नागनाथअण्णा मूळचे निपाणीकडचे. अण्णांच्या सरकारी नोकरीपायी सगळी हयात बेंगळूरात गेली होती, पण घरात मराठी टिकवून होते.

"घे रे पद्मनाभ, अवरेकाळूची हुळी हाय," अक्का म्हणाल्या. "स्वल्प तिखट झालीय, सांभाळून खावा."

अवरेकाळू म्हणजे आपल्या पावट्याचा इकडचा चुलतभाऊ. थंडीत सगळं बेंगळूर त्याच्यामागे वेडं होतं. पद्मनाभनं ती आमटी बोटं चाटून खाल्ली, पातेलं लख्ख घासलं, पुसलं आणि लगोलग परत करून आला. संध्याकाळी हे ऐकून सुचेतानं कपाळावर हात मारला.

"रिकामं दिलंस? अरे, शेजारचं भांडं रिकामं परत करतात का कोणी? निदान चिमूटभर साखर तरी घालायचीस!"

"साखर कशाला? त्यांच्याकडे नाहीये का?"

सुचेतानं देवाकडे बघितलं. तिनं नुसते हात जोडले.

पुढच्या वेळी अक्कांचं पातेलं परत गेलं ते दुधीच्या सालांची चटणी घेऊन. अक्का खूश. "भारी केलास की रे! कशाची म्हणायची ही?" पद्मनाभनं 'घरचीच आहे' असं मोघम सांगितलं. तीन दिवसांनी अक्कांकडून भरली वांगी आली, तेलानं न्हालेली. पद्मनाभनं परतफेडीला मुळ्याच्या पाल्याची भाजी धाडली. त्यावर ज्वारीच्या पातळ भाकऱ्या आल्या आणि वर शेंगदाण्याच्या गोड पोळ्या.

इथे त्याच्यातला जुना बजेटवाला जागा झाला. सालं जातात आणि वांगी येतात. पाला जातो आणि गोड पोळ्या येतात. जगात असा सौदा कुठे आहे? त्यानं वार बघून ठेवले. अक्का मंगळवारी हमखास काहीतरी देत आणि बहुतेक शुक्रवारीही. पुढच्या रविवारी त्यानं आठवड्याचा बेत आखला आणि मोठ्या तोऱ्यात सुचेतापुढे मोबाइल धरला. तिनं वाचलं.

"सोमवारी कढी-खिचडी, बरं. मंगळवारी अक्का? म्हणजे काय खायचं?"

"अक्का म्हणजे अक्कांकडून येतं ते. मी फक्त भात लावायचा. शुक्रवारीही तसंच. त्यामुळे या वेळी बाजार कमी लागला." असं म्हणून त्यानं खिशातून दोनशे रुपये काढले आणि तिच्या हातावर ठेवले. "हे उरले. तू ठेव."

"पद्मनाभ, अक्का म्हणजे काय रेशनचं दुकान आहे? नाही आलं तर?"

"येणार. त्यांना माझ्या चटणीची चटक लागलीय."

"चटक तुला लागलीय, आयतं खायची," सुचेता म्हणाली. पण पैसे तिनं पर्समध्ये टाकले. दिलेले पैसे परत मागायची वेळ आपल्यावर येईल, हे त्या क्षणी पद्मनाभच्या स्वप्नातही नव्हतं.

मंगळवार उजाडला. सुचेता ऑफिसला गेली. पद्मनाभनं ऐटीत भात लावला, मोकळा, सुरेख, आणि वरून काही नाही. जेवायची वेळ झाली. कुकरची वाफ गेली, पोटात कावळे ओरडायला लागले, पण बेल वाजेना. तो दोनदा दारापर्यंत जाऊन आला. शेवटी एकदाची बेल वाजली आणि त्यानं धावत जाऊन दार उघडलं.

दारात नागनाथअण्णा उभे होते. हातात ताट होतं, ताटात वाटी होती. पद्मनाभनं आधी वाटीत डोकावून बघितलं. वाटी रिकामी होती.

"अण्णा, अक्का कुठे आहेत?"

"ती गेली बघ येलहंकाला, लेकीकडं," अण्णा चपला काढत म्हणाले. "नातवाला ताप आलाय. आता शनिवारीच येती. मला म्हणाली, हाटेलात जाऊ नका, तुम्हाला शुगर हाय. पद्मनाभकडं जावा. त्याचं आठवड्याचं सगळं ठरवून असतंय."

"शनिवारपर्यंत?"

"व्हय की. ताट आणलंय मी माझं. तुला घासायला नको."

पद्मनाभला घरातली मूठभर मसूर डोळ्यांसमोर दिसली. ती गुरुवारच्या बेतातली होती. दुष्काळात तेरावा महिना तो हाच! पण माणूस ताट घेऊन दारात उभा राहिल्यावर त्याला माघारी कसं धाडायचं? त्यानं शेवटचा प्रयत्न करून बघितला.

"अण्णा, या की, पण काय आहे, मला आता एक कॉल आहे. फार महत्त्वाचा. लांबेल कदाचित."

"घे की. मला काय घाई न्हाई," म्हणत अण्णा खुर्चीत ऐसपैस बसले. "फक्त भात चालत न्हाई बघ मला. भाकरी नसली तर चपाती चालती."

झालं! भात सोडून घरात काहीच तयार नव्हतं आणि पाहुण्याला नेमका भातच चालत नव्हता. पद्मनाभनं गुरुवारची मसूर आजच धुतली. अण्णांचा आवाका बघून दोन भांडी पाणी जास्त घातलं, कोथिंबिरीचे देठ ठेचून टाकले आणि कणीक भिजवली. मग आठवलं, कॉल करायचा राहिला. बोललो तर निभावलं पाहिजे. त्यानं हेडफोन चढवला आणि अण्णांच्या समोरून येरझारा घालू लागला.

"गुड आफ्टरनून, एव्हरीवन. येस, वी आर ऑन ट्रॅक. नो, नो, डिले होणार नाही, आय विल टेक केअर..."

अण्णा कौतुकानं ऐकत होते. पद्मनाभ रंगात आला. त्यानं कोणा एका अदृश्य साहेबाला चांगलं खडसावलं, दुसऱ्या कोणाची पाठ थोपटली, आणि तेवढ्यात आतून चर्रर्र आवाज आला. आमटी उतू चालली होती. गुरुवारची मसूर, एकुलती एक, शेगडीवर वाहत होती.

"वन मिनिट, सर!" असं हवेला सांगून पद्मनाभ धावला.

"पद्मनाभ," बाहेरून अण्णांचा शांत आवाज आला, "तुझ्या साहेबाला पण सांग की, जेवून घे म्हणून. सगळ्यांनी वेळेवर जेवावं."

पद्मनाभनं गॅस बारीक केला आणि ओटा पुसला. मग त्यानं हेडफोन काढून फ्रिजवर ठेवला. साहेबाकडे परत जायचा त्याला खरोखरच कंटाळा आला होता.

दोघं जेवायला बसले. अण्णांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली. "काय घातलायस यात? मसुरीला असला वास न्हाई येत."

"कोथिंबिरीचे देठ."

"आं? देठ? आमच्याकडं गायीला घालत्यात. आणखी एक चपाती दे."

आणखी एक झाली, मग अर्धी, मग 'अर्धीला काय अर्थ हाय' म्हणून उरलेली अर्धी. पद्मनाभ वाढत होता आणि आतून अक्कांवर धुमसत होता. न विचारता, न सांगता बाईनं त्याला आपल्या आठवड्यात खुशाल बसवून टाकलं होतं! आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं की आपण तरी दुसरं काय केलं होतं? तक्रार करायला त्याला तोंडच नव्हतं.

"उद्या काय करणार?" अण्णांनी विचारलं. "न्हाई, तिचा रात्री फोन येतोय. काय खाल्लं म्हणून विचारती. तसं तिला घोर न्हाई आता. जाताना म्हणाली, पद्मनाभ हाय म्हणून मी चालले. न्हाईतर मागच्या वेळी बघ, दोन दिवसांत परत आली होती, माझ्या पोटापायी."

पद्मनाभचा हात ताटातच थांबला. तीन महिने त्याला कोणी काही मागितलं नव्हतं. कोणाचं काही त्याच्यावाचून अडलं नव्हतं. सुट्टीवर असताना ज्याला दिवसाला पन्नास फोन यायचे, त्याला आता बँकेखेरीज कोणाचा फोन येत नव्हता. आणि इथे एक बाई त्याच्या भरवशावर नवऱ्याला टाकून नातवाकडे गेली होती. त्यानं अण्णांच्या पेल्यात पाणी ओतलं. या माणसासमोर आपण मघाशी हवेशी इंग्रजी बोलत होतो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"अण्णा," तो म्हणाला, "माझी नोकरी गेलीय."

बोलून झाल्यावर त्यानं मान खाली घातली. हे वाक्य कोणापुढे उच्चारलं की काय काय होईल, याचा त्यानं तीन महिने विचार केला होता. समोरचा चपापेल, कीव करेल, इमारतीभर सांगत सुटेल.

"ते ठाऊक हाय की," अण्णा वाटी पुसत म्हणाले. "नोकरीवाला माणूस सकाळी अकराला बाजारात घेवडा असा एकेक शेंग बघून घेतोय काय? तुझ्या अक्कानं तवाच ओळखलं. म्हणून तर मंगळवारी-शुक्रवारी चार माणसांचं रांधती ती."

मग त्यांनी रिकामी वाटी पुढे केली.

"आमटी वाढ स्वल्प."

पातेल्याच्या तळाशी होती ती सुचेताच्या रात्रीच्या वाटणीची. पद्मनाभनं डाव खोल घातला आणि वाटी काठोकाठ भरली.