कानातली मोजणी

माझा नवरा ग्यूचॉल गेल्याला आठ महिने झाले होते आणि तरीही आठवड्यातून तीनदा तो चार वादकांच्या कानात आकडे मोजत होता. माझ्या कानात नाही. मी मागे आवाजाच्या मिक्सरपाशी बसायचे आणि सभागृहात काय ऐकू येतंय तेवढंच ऐकायचे. ते माझं काम होतं आणि मला कामाखेरीज काही नको होतं.

आमच्या या संगीताची पद्धतच तशी आहे. पडद्यावरचं चित्रीकरण कोणासाठी थांबत नाही, स्पीकरमधून येणारे ध्वनी थांबत नाहीत, आणि समोर उभा राहून हात हलवणारा संचालक ठेवायला आमच्याकडे जागाही नसते आणि हौसही. मग प्रत्येक वादकाच्या एका कानात इअरफोन असतो. त्यात टिकटिक चालू असते आणि प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला एक आवाज आकडा सांगतो. श्रोत्यांना यातलं काही कळत नाही. हल्ली हे आकडे सगळेच यंत्राकडून वदवून घेतात. ग्यूचॉलला ते पटायचं नाही. यंत्र श्वास घेत नाही, मग वादकांनी श्वास कधी घ्यायचा, असं त्याचं म्हणणं. म्हणून जानेवारीत त्याने स्वयंपाकघरात मायक्रोफोनला टॉवेल गुंडाळून एकपासून एकशे चाळीसपर्यंत स्वतः मोजलं. आतल्या खोलीत मी लिहीत बसले होते, म्हणून त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर.

रचना आमची दोघांची होती. वाद्यांचं लेखन माझं, इलेक्ट्रॉनिक्स त्याचं आणि चित्रीकरण दानबीचं. सोलमधली आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा दानबीने समोरच्या गच्चीवर कॅमेरा लावून पाच महिने एकच चौकट टिपली. लोक घरं सोडत गेले तशा खिडक्या एकेक करून विझत गेल्या. ग्यूचॉलने लिफ्टचे, पाइपातल्या पाण्याचे आणि दारांच्या कुलुपांच्या किणकिणाटाचे आवाज गोळा केले. त्यावर मी क्लॅरिनेट, चेलो, तालवाद्यं आणि योम गुरुजींचं आजेंग लिहिलं. आजेंग म्हणजे आडवं ठेवून गजाने वाजवायचं आमचं जुनं तंतुवाद्य. त्याचा आवाज सर्दी झालेल्या माणसासारखा घोगरा असतो.

फेब्रुवारीत ग्यूचॉल बसथांब्यावर कोसळला. हृदय. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी रडले नाही. अंत्यविधीचे तिन्ही दिवस येणाऱ्या प्रत्येकाला तिखट सूप मिळालं की नाही हे बघत राहिले. एकोणपन्नासाव्या दिवशीच्या विधीला मंदिरात भिक्षू लाकडी ठोकळा वाजवत होता, तेव्हा त्याचा स्वर कोणता हे मी मनात टिपून घेत होते. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की ही बाई दगड आहे. त्यात खोटं काही नव्हतं. मला वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं, भूकही लागत नव्हती. पाकिटातला तयार भात दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा आणि ओट्यापाशी उभ्याने खायचा. भाताचा कुकर मी वायर गुंडाळून कपाटावर टाकला होता. लोक सांगायचे, मन मोकळं कर. मोकळं करायला आत काहीतरी असावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार.

प्रयोगाला चार दिवस उरले असताना दानबी आली. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला ऑन्नी म्हणते, म्हणजे ताई. वाईट बातमी असली की ती खायला घेऊन येते. त्या दिवशी किमबापच्या, शेवाळाच्या पापडात गुंडाळलेल्या भाताच्या, दोन सुरळ्या होत्या, त्यावरूनच मी काय ते ओळखलं. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी प्रयोगाच्या जाहिरातीतल्या तुकड्यात स्वतःला खिडकीत ओळखलं होतं आणि त्यांना ते मंजूर नव्हतं. त्यांचं बरोबरच होतं. अकरा सेकंद कापावे लागणार होते.

अकरा सेकंद म्हणजे चार आवर्तनं. वाद्यांच्या लेखनातून ती काढणं मला जड नव्हतं. तेव्हा मला काहीच जड नव्हतं. पण ग्यूचॉलची मोजणी सलग होती. ती कापायची तर त्याचा आवाज उघडून, कान लावून, मागे-पुढे करत बसायला हवं. ते मी आठ महिने केलं नव्हतं. यंत्राकडून नवी मोजणी करून घ्यायला मात्र दहा मिनिटं पुरणार होती. म्हणजे प्रश्न एवढाच होता की ग्यूचॉलने त्याच्या शेवटच्या रचनेत राहायचं की नाही, आणि तो मी किमबाप चावता चावता निकालात काढला.

"यंत्राचा आवाज टाकते," मी म्हणाले.

दानबीने घास खाली ठेवला. "ऑन्नी, भावोजींचा आवाज आहे तो."

"श्रोत्यांना तो ऐकूच येत नाही. कुणाला काय फरक पडतोय."

उरलेलं किमबाप तिने झाकून माझ्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि गेली.

यंत्राची बाई गोड बोलायची. आमचा बोलका कुकर "भात शिजायला सुरुवात होत आहे" म्हणायचा त्याच सुरात ती "एक्केचाळीस, बेचाळीस" करत होती. शुक्रवारी दुपारी तालमीला तिची मोजणी लावली. पंच्याऐंशीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पुढे चेलो एकीकडे, क्लॅरिनेट दुसरीकडे, आणि तालवाद्यवाला काठ्या हातात धरून छताकडे बघत बसला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच घसरले. चार मुरलेले वादक, आणि चौघंही एकाच जागी.

मग मला आठवलं. ग्यूचॉल मोजताना चुकला होता. शहाऐंशी तो दोनदा म्हणाला होता, आणि तिथून पुढे त्याचा प्रत्येक आकडा एकाने मागे होता. पहिल्याच तालमीत ते लक्षात आलं तेव्हा तो लाजून पुन्हा मोजून देतो म्हणत होता, पण चौघांनी त्याची भरपूर टिंगल केली आणि मोजू काही दिलं नाही. आपापल्या पानांवरचे पुढचे सगळे आकडे त्यांनी पेन्सिलने बदलून घेतले होते. आता यंत्र बरोबर मोजत होतं आणि म्हणून सगळे चुकत होते.

मी खोडायला सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खोडरबर काढले. कागदावर चार खोडरबर घासल्याचा आवाज चांगला लागत होता, पुढच्या एखाद्या रचनेत वापरता येईल, असं माझ्या मनात आलं. इतकी मी गेलेली केस होते.

त्यानंतर रचना शेवटपर्यंत गेली. शेवटी एकटं आजेंग उरतं. मोजणी संपलेली असते, बाकीच्या तिघांनी इअरफोन काढलेले असतात, पडद्यावर शेवटची खिडकी विझते आणि योम गुरुजी एकच सूर ओढत राहतात. किती वेळ, ते मी लिहिलं नव्हतं. त्यांच्यावर सोडलं होतं. आणि तो सूर दर वेळी नेमका हवा तिथेच संपायचा. त्या दिवशी तो मध्येच तुटल्यासारखा थांबला. सगळे आवराआवर करायला लागल्यावर मी त्यांच्यापाशी गेले आणि शेवटचा सूर आखूड झाला म्हणाले.

गुरुजी गजाला राळ घासत होते. त्रेसष्टाव्या वर्षीही ते मान वर न करता बोलतात.

"आज पाणी नव्हतं," ते म्हणाले.

"कसलं पाणी?"

"तांदळाचं."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. आकडे संपल्यावर ग्यूचॉलने ध्वनिमुद्रण बंदच केलं नव्हतं. बाकीचे इअरफोन काढतात, पण गुरुजींचे दोन्ही हात आजेंगवर अडकलेले, त्यामुळे त्यांच्या कानात तो चालूच राहायचा. खुर्ची सरकायची, नळ सुटायचा, तांदूळ धुतले जायचे. एक पाणी, दुसरं, तिसरं. त्या पाण्यावर ते गज ओढायचे. तिसरं पाणी ओतलं की ग्यूचॉल काहीतरी विचारायचा, आणि ते गज उचलायचे.

"मग मी कानातलं काढून टाकतो," गुरुजी म्हणाले. "तू काय उत्तर दिलंस ते मी एकदाही ऐकलेलं नाही. नवरा-बायकोचं बोलणं, आपण कशाला ऐकायचं."

"पण विचारतो काय?"

"ते मी नाही सांगणार. मला नाही विचारलेलं. तुला विचारलंय."

मला राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं आणि तो राग निघाला. माझ्या स्वयंपाकघरात हा माणूस आठवड्यातून तीनदा बसून येत होता आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांना वाटेल ते बोलले असते, पण त्यांनी राळेची डबी बंद केली आणि मला हात धरून जेवायला नेलं. मी जेवले नाही.

शनिवारी सकाळी मी ग्यूचॉलची मोजणी उघडली. आधी शेवट ऐकला नाही. पहिल्यापासून ऐकलं, कारण कापायचं तर तसंच करायला हवं. सव्वीसला त्याचा आवाज बसलाय, सत्तावन्नच्या आधी त्याने आवंढा गिळलाय. शहाऐंशी, शहाऐंशी. एकशे चाळीस. मग एक सुस्कारा, सपाता, डब्याचं झाकण, नळ. तांदूळ तो फार वेळ चोळायचा, मी नेहमी चिडवायचे की धुतोस की मालीश करतोस. तिसरं पाणी गेलं. मग मायक्रोफोनच्या अगदी जवळून तो म्हणाला, "अगं, दोन वाट्या की तीन?"

चार-पाच सेकंद काहीच नाही. मग लांबून, बंद दाराआडून माझा आवाज आला, बारीक. "काम चाललंय ना माझं."

"बरं," तो म्हणाला आणि ध्वनिमुद्रण संपलं.

माझं ते वाक्य मी नऊ वेळा ऐकलं. त्यात चिडचिड असती तरी चाललं असतं. माशी हाकलावी तसं ते होतं. मला लाज वाटली. रडू आलं नाही, पण लाज इतकी वाटली की मी उठून खिडकी उघडली आणि परत येऊन बसले. ते वाक्य कापायला एक बोट पुरलं असतं. बोट ठेवलंही होतं. मग मी ते उचललं, कारण बोलले होते ते मीच.

मी फक्त चार आवर्तनं कापली आणि त्याचे ते चार आकडे वेगळे जपून ठेवले. यंत्राची बाई पुसून टाकली. चौघांना निरोप पाठवला की जुनी मोजणी परत येतेय, पेन्सिली आणा. क्लॅरिनेटवाल्याने लगेच उत्तर दिलं की त्याने खोडलंच नव्हतं, नुसता खोडरबर फिरवला होता.

प्रयोग रविवारी पाच वाजता होता. सत्तर-ऐंशी माणसं आली. सासूबाई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मी मिक्सरपाशी बसले आणि पहिल्यांदाच एका कानात इअरफोन घातला. ग्यूचॉल एक म्हणाला. पडद्यावर आमची इमारत उभी राहिली, सगळे दिवे लागलेले. आमची खिडकी सहाव्या मजल्यावर डावीकडून तिसरी. ती विझली तेव्हा तो त्रेसष्ट म्हणत होता. शहाऐंशी, तो म्हणाला. पुन्हा शहाऐंशी. चौघंही चुकीच्या आकड्यावर बरोबर आले.

एकशे चाळीस झालं. तिघांनी हात खाली घेतले. शेवटची खिडकी गेली, सभागृहात अंधार झाला आणि गुरुजींचा सूर तेवढा उरला. माझ्या एका कानात आजेंग आणि दुसऱ्यात नळ. एक पाणी. दुसरं. तांदूळ चोळले जात होते. तिसरं पाणी ओतलं गेलं.

"अगं, दोन वाट्या की तीन?"

गुरुजींनी गज उचलला आणि त्याच हाताने कानातलं काढून टाकलं. सगळीकडे शांत झालं. माझ्याकडे चार सेकंद होते.

"दोन," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले असणार, कारण पुढचा माणूस वळून बघायला लागला.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. त्या आवाजात दाराआडून मी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ग्यूचॉल मात्र मायक्रोफोनजवळ होता. तो "बरं" म्हणाला, ते ऐकू आलं.