मासे सोडण्याआधीचे दिवस

मित्रांनो, आज माझ्या एका काचेला तडा गेला आहे आणि पत्र्याच्या कडा गंजल्या आहेत. पण एके काळी मला पाहायला अख्खे गाव जमले होते. मी मासे ठेवायची एक जुनी काचेची पेटी आहे.

मला मेहकरच्या मेहबूबभाईंनी घडवले. ते कंदील आणि पत्र्याचे डबे जोडत. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. जानेफळच्या पुढच्या एका खेड्यात सत्यभामाबाई शिक्षिका होत्या, मी त्यांच्यासाठी तयार झाले.

त्या गावच्या पिण्याच्या हौदात डासांच्या अळ्या वळवळत. हिवतापाने घरोघरी माणसे अंथरुणाला खिळत. त्या वर्षी बाईंची धाकटी बहीण कोकिळा त्याच तापाने गेली. बारीक मासे अळ्या खातात हे बाई अमरावतीला शिकल्या होत्या. पण पिण्याच्या पाण्यात मासे सोडायला गाव तयार नव्हते. "लोक डोळ्यांनी पाहतीन, तवाच ऐकतीन," असे म्हणत बाईंनी मला गवतात गुंडाळून बैलगाडीतून नेले.

त्यांच्याकडून घाई झाली. मी गावात पोहोचले त्याच दिवशी त्यांनी माझ्यात पाणी भरले, नदीची वाळू तशीच ओतली आणि दहा मासे सोडले. पाणी गढूळ झाले, वर तेलाचा तवंग आला. मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले. तिसऱ्या दिवशी एकही उरला नाही. ते दहा जीव माझ्याच पोटात गेले, हे मी अजून विसरलेली नाही.

गावचे उत्तमराव पाटील म्हणाले, "बाई, हेच पाणी आमच्या लेकरायले पाजाचं काय?"

बाईंनी मान खाली घातली नाही. त्यांनी मला रिकामे केले आणि मेहकरला परत नेले. मेहबूबभाईंनी माझ्या सांध्यांवरून बोट फिरवले. काचा बसवायला त्यांनी जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून केलेला लगदा, म्हणजे लांबी, भरली होती.

"लांबी ओलीच हाय, बाई. वाळायच्या आधीच पेटी दिली म्या. गलती माही."

"माही बी हाय, भाई. म्या इचारलंच नाही."

त्यांनी सांधे नव्याने भरले. बाईंनी मला तीन आठवडे हवेशीर ओसरीत वाळत ठेवले. मग रोज पाणी भरायचे, रोज ओतून टाकायचे. तवंग येईनासा झाला तेव्हा त्यांनी वाळू आणली आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुतली. ओढ्यातले पाणगवत लावले आणि पाणी भरून तसेच राहू दिले.

एवढ्यात पाटील आले. "शुक्रवारी बैठक हाय. तवा दाखवा, नाही तर इषय संपला."

"शुक्रवारी पेटी कच्ची राहीन, पाटील. कच्च्या पेटीत मी जीव सोडनार नाही."

"लोक हासतीन ना!"

"हासू द्या. मी पुढच्या बैठकीले ईन. तवाबी नाही ऐकलं, तर त्याच्या पुढच्या."

शुक्रवारी बैठकीत लोक खरेच हसले. बाई शाळेतून आल्या आणि पाणगवताला नवी पाने फुटली का, ते पाहत माझ्यासमोर बसल्या.

आठ दिवसांनी त्यांनी एकच मासा सोडला. तो जगला. आणखी आठ दिवसांनी पाच सोडले. तेही जगले. मग पुढच्या बैठकीच्या सकाळी हौदातले पाणी लोकांदेखत तांब्याने माझ्यात ओतले. अळ्या वळवळत खाली उतरल्या आणि मासे त्यांच्यावर तुटून पडले. दुपारपर्यंत एकही अळी दिसेना.

पाटलांनी वाकून माझ्या तळाशी अळ्या शोधल्या. मग हळूच म्हणाले, "हौदाले किती मासे लागतीन, बाई?"

"आधी हौद उपसू, घासू. मासे मंग."

साऱ्या गावाने मिळून हौद घासला, मग त्यात मासे सोडले. पुढे बाईंची बदली वरवट बकालला झाली. मी मात्र इथल्या शाळेतच राहिले; आता माझ्यात खडूचे तुकडे ठेवतात.

मित्रांनो, एखादा जीव घरी आणायचा म्हटले की तुम्हाला धीर धरवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्याचे घर आधी नीट होऊ द्या. तुम्ही महिनाभर थांबलात तर तुमचे काही बिघडत नाही. माशाला मात्र दुसरीकडे जाता येत नाही.